"चाहते कुठे जाणार आहेत?" : जुना फुटबॉल क्लब विकत घेऊ पाहणाऱ्या धनिकांना खुलं पत्र

प्रति,
शंभर-सव्वाशे वर्षं जुना फुटबॉल क्लब विकत घेण्याच्या विचारात असलेले गुंतवणूकदार, तसेच त्यांचे सल्लागार व वकील यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या क्लबच्या विक्रीसंबंधी चाहत्यांची एक बैठक झाली. क्लब तिसऱ्यांदा विक्रीला निघाला आहे. विकणाऱ्यांच्या बाजूने आलेल्या सल्लागारांनी तासभर माहिती दिली. स्टेडियमची क्षमता, अकादमीचा दर्जा, आसपासच्या जमिनीचा भाव, सगळं आलं. शेवटी मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "नव्या मालकाने तिकिटं दुप्पट केली तर?" सल्लागार सहज बोलून गेले, "चाहते कुठे जाणार आहेत?"

त्यांना कुणाचा अपमान करायचा नसावा. त्यांच्या कागदांत ती एक जमेची बाजू होती आणि खरेदीदारासमोर मांडावी तशी ती त्यांनी आमच्यासमोर मांडली. पण त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली, ती अजून माझ्या कानात आहे. त्या वाक्याला उत्तर द्यायला हवं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी व्यवसायाने अकाउंटंट आहे. बावीस वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला राहते. आले त्या पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी चारला अंधार पडायचा आणि ऑफिसाबाहेर मला एकही माणूस ओळखत नव्हता. एका सहकाऱ्याने शनिवारी मॅचला नेलं. ऑफसाइड म्हणजे काय तेही मला कळत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी आपले दोन हातमोजे आणि माझं पाकीट गुडघ्यावर मांडून ते समजावलं. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती. त्यानंतर अठरा हंगाम आम्ही शेजारी बसलो. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने मला फोन केला, नातेवाइकांच्या यादीत माझं नाव होतं म्हणून. क्लबशी माझं नातं काय, असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं.

क्लबचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बोलणी चालू आहेत, आणि गाऱ्हाणं एकट्या आमच्या क्लबचं नाही.

हे मराठीत का, असंही कुणी विचारेल. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज समूहाने तो सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. सलग अकरा हंगाम प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या श्रेणीत खेळत असलेला हा क्लब २०१२ साली दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि २०१७ साली तिसऱ्या. २०१८ साली दुसऱ्या श्रेणीत परतला. या सगळ्या काळात मालक दरवर्षी पदरचे पैसे घालत आले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. मध्यंतरी तर भारतातून पैसे पाठवायला त्यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. खरेदीची किंमत केवढी छोटी आणि त्यानंतर ओतावी लागलेली रक्कम केवढी मोठी! तेव्हा हा विषय मराठी माणसाला परका नाही, आणि पुढचा खरेदीदारही मराठी वाचणारा असू शकतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न प्रामाणिक आहे. जुना फुटबॉल क्लब ही फायद्याची गुंतवणूक आहे का?

दरवर्षी हातात काही पडावं अशी अपेक्षा असेल, तर नाही. इंग्लंडमधल्या क्लबांचे ताळेबंद कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतात. मी ते दरवर्षी बघते. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, क्लबांनी खेळाडूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पगारावर केलेला खर्च अनेक हंगामांत एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. वीज, प्रवास, गवत, पोलीस बंदोबस्त हे सगळं त्यानंतर. माझ्याकडे असा ताळेबंद घेऊन एखादा दुकानदार आला, तर मी त्याला दुकान बंद करायचा सल्ला देईन. हे क्लब चालतात, कारण दर महिन्याला कुणीतरी खिशातून भर घालतो. प्रीमियर लीगमध्ये गेलं की टीव्हीचा पैसा मिळतो म्हणून सगळे धावतात. वर जाणारे फक्त तीन असतात, धावणारे चोवीस.

अमेरिकेतून येणाऱ्या मंडळींना मला इथेच थांबवावंसं वाटतं. तिथल्या मोठ्या लीगमध्ये संघ कितीही हरला तरी खाली जात नाही. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा असतात आणि टीव्हीचा वाटा ठरलेला असतो. त्या हिशेबाने तुम्ही इकडच्या क्लबला उत्पन्नाच्या अमुक पट किंमत लावता. इकडे एक वाईट हंगाम ते उत्पन्नच घेऊन जातो. लेस्टर सिटी २०१६ साली इंग्लंडचा विजेता होता. २०२३ साली तो खालच्या श्रेणीत गेला, पुढच्या वर्षी वर आला आणि २०२५ साली पुन्हा खाली गेला. ज्या मालमत्तेचं उत्पन्न मे महिन्यातल्या एका दुपारी कोसळू शकतं, तिला कुठल्या पटीने गुणायचं?

मग श्रीमंत झाले ते कोण? विकून बाहेर पडलेले, तेही सगळे नाहीत. लिव्हरपूल २०१० साली ३० कोटी पौंडांना विकला गेला. आज त्याचं मूल्य त्याच्या दसपटीहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. मँचेस्टर युनायटेडचा शेअर २०१२ साली १४ डॉलरला बाजारात आला आणि २०२४ साली उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी मोठा हिस्सा ३३ डॉलरने घेतला. हे आकडे तुमच्या सल्लागारांच्या पहिल्याच पानावर असतील. त्यांना चेल्सीचंही पान दाखवायला सांगा. २००३ साली कर्जासकट सुमारे १४ कोटी पौंडांना घेतलेला क्लब २०२२ साली २५० कोटींना विकला गेला. ऐकायला भव्य वाटतं. मधल्या एकोणीस वर्षांत मालकाने सुमारे १५० कोटी पौंड क्लबला उसने दिले होते आणि जाताना ते सोडून द्यावे लागले. ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर घातलेल्या निर्बंधांमुळे विक्रीचे पैसेही त्यांच्या हातात पडले नाहीत. इटलीतल्या एसी मिलानची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१७ साली एका चिनी व्यावसायिकाने १८९९ सालचा तो क्लब ७४ कोटी युरोंना घेतला, त्यातला मोठा भाग एका अमेरिकी फंडाकडून उचलून. पुढच्या वर्षी जुलैमध्ये त्यांना सुमारे ३ कोटी २० लाख युरोंचा एक हप्ता भरता आला नाही आणि क्लब फंडाच्या ताब्यात गेला. फंडाने तो २०२२ साली १२० कोटींना विकला. शेजारच्या इंटरचंही तेच झालं. मे २०२४ मध्ये कर्ज फिटलं नाही आणि मालकी सावकाराकडे गेली.

म्हणजे नफा होतो तो दोन ठिकाणी. एक, जगातल्या मोजक्या दहा-पंधरा नावांपैकी एखादं योग्य वेळी घेतलं आणि आपल्याहून श्रीमंत माणसाला विकलं तर. दोन, मालकाला कर्ज देऊन मालक बुडायची वाट पाहिली तर. आमच्यासारखा क्लब या दोन्हींत बसत नाही. तो घेतलात तर पैसे जातील. ते जाऊ द्यायची तयारी असेल तर या, आम्ही दारात उभे राहून स्वागत करू. तयारी नसताना आलेल्या माणसाने काय केलं, ते आम्ही भोगलं आहे आणि आता तेच सांगते.

पहिली तक्रार कर्जाची. २००५ साली मँचेस्टर युनायटेडवर कर्ज नव्हतं. ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जापैकी ५० कोटींहून अधिक भार क्लबच्याच डोक्यावर ठेवला. साध्या भाषेत सांगायचं तर, क्लब स्वतःच्या विक्रीची किंमत स्वतःच व्याजासकट फेडत राहिला. त्या व्याजात शेकडो दशलक्ष पौंड गेले. मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छतातून पाण्याच्या धारा लागल्या, तो व्हिडिओ जगाने पाहिला. मला त्या धारांत वीस वर्षांचे व्याजाचे हप्ते दिसत होते. यात बेकायदा काहीच नव्हतं, आणि माझी तक्रार तीच आहे. एकेकाळी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचा नियम ३४ होता. त्यात लाभांशावर मर्यादा होती, संचालकाने पगार घ्यायचा नाही असं बंधन होतं, आणि क्लब बंद पडला तर त्याची जमीन मालकाच्या घशात जाऊ नये अशी तजवीज होती. १९८३ साली टॉटेनहॅम शेअर बाजारात उतरला तेव्हा क्लबच्या वर त्याची मालकी असणारी एक वेगळी कंपनी (होल्डिंग कंपनी) बसवून हा नियम बाजूला ठेवता येतो हे सगळ्यांना कळलं. कुणी अडवलं नाही. तो नियम करणाऱ्यांना, क्लब ही कुणाची तिजोरी नाही, हे ठाऊक होतं.

दुसरी तक्रार मैदानाची. अकाउंटंट म्हणून या गोष्टीची मला सर्वांत जास्त चीड येते. क्लबचा तोटा नियमांपेक्षा जास्त झाला की मालक स्टेडियम स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला विकतो. कागदावर क्लबला नफा होतो आणि दोन वर्षं निघून जातात. डर्बी काउंटीचं मैदान असंच सुमारे ८ कोटी पौंडांना मालकाच्या कंपनीकडे गेलं आणि शेफील्ड वेन्सडेचं हिल्सबरो सुमारे ६ कोटींना. पुढे काय झालं? डर्बी सप्टेंबर २०२१ मध्ये, देणी फेडता येईनात म्हणून, दिवाळखोरीच्या कायद्याखाली नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला, त्याचे एकूण २१ गुण कापले गेले आणि तो तिसऱ्या श्रेणीत घसरला. वेन्सडेने हिल्सबरोच्या व्यवहारावरून ६ गुण गमावले आणि २०२१ साली तोही घसरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्या वर्षी अनेक महिने पगार वेळेवर न झाल्यावर, तोही प्रशासकाकडे गेला. लीड्स युनायटेडने २००१ साली चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली होती. २००४ साली त्याच लीड्सला आपलं मैदान, एलंड रोड, विकावं लागलं आणि ते परत मिळवायला २०१७ उजाडलं. मैदान गेलं की क्लब आपल्याच घरात भाडेकरू होतो, आणि पुढचा कुठलाही खरेदीदार आला तरी त्याला दोन माणसांशी सौदा करावा लागतो.

आमच्याकडेही मैदान गहाण पडलं होतं. ते आम्हाला क्लबने सांगितलं नाही. एका रविवारी रात्री नोंदणी कार्यालयाच्या कागदांत मला ते सापडलं. त्याच हिवाळ्यात पगार थकले. खेळाडूंचं कसंबसं भागत होतं. मैदानावर गवत कापणारा माणूस, तिकीट खिडकीवरच्या बाई, कपडे धुणाऱ्या दोघी, यांचं भागत नव्हतं. सामन्याआधी दारात बादल्या ठेवून आम्ही पैसे गोळा केले. मी ते मोजत होते. बहुतेक सगळी चिल्लर होती. मालक त्या दिवशी परदेशात होते. त्या बादल्यांतून एकूण किती जमलं तो आकडा मी इथे लिहिणार नाही, कारण ज्यांना तो द्यायचा होता त्यांची मान खाली जाईल. पण पुढच्या मालकाने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी तो मला खासगीत जरूर विचारावा.

तिसरी तक्रार एक पौंडाच्या विक्रीची. बरी हा १८८५ सालचा क्लब. १९०० आणि १९०३ साली त्याने एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. १९०३ च्या अंतिम सामन्यात डर्बीला ६-० असं हरवलं आणि हा विक्रम ११६ वर्षं कुणाला गाठता आला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तो क्लब एका पौंडाला विकला गेला. त्याआधीच मैदान गहाण पडलं होतं आणि पार्किंगच्या जागासुद्धा विकल्या गेल्या होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात संघ वरच्या श्रेणीत चढला होता, पण पगाराला पैसे नव्हते आणि पैसे कुठून येणार याचा पुरावा मालकाकडे नव्हता. २७ ऑगस्टला शेवटच्या क्षणी खरेदीदार मिळेल या आशेने शेकडो लोक गिग लेन या बरीच्या मैदानावर झाडू घेऊन गेले आणि त्यांनी खुर्च्या पुसल्या. त्याच रात्री लीगने बरीला काढून टाकलं. १२५ वर्षांचं सदस्यत्व संपलं. रेंजर्स हा १८७२ सालचा क्लबही २०११ साली एका पौंडालाच गेला होता. पुढच्या काही वर्षांची सीझन तिकिटं आधीच विकून क्लबवरचं बँकेचं कर्ज फेडायचा पैसा उभा केला होता, म्हणजे चाहत्यांच्याच भविष्यातल्या पैशांनी. नऊ महिन्यांत तो प्रशासकाकडे गेला. बोर्दोनेही, म्हणजे १८८१ सालच्या आणि सहा वेळा फ्रान्सचं विजेतेपद मिळवलेल्या क्लबने, २०२४ साली व्यावसायिक दर्जा सोडला आणि तो चौथ्या श्रेणीत गेला. तुम्हाला स्वस्तात मिळतोय म्हणून आनंद होत असेल, तर क्लब एवढा स्वस्त का आहे ते आधी विचारा.

रंग, नाव आणि चिन्ह यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे न सांगताही कळायला हवं होतं. कार्डिफ सिटीचा निळा रंग २०१२ साली मालकाने लाल केला. २०१५ च्या जानेवारीत तो परत निळा करावा लागला. हल सिटीचं नाव बदलायला मालक निघाले होते, २०१४ साली फुटबॉल असोसिएशनने नकार दिला. एवढं करून दोघांच्या हाती काय लागलं?

आणि तिकिटं. मँचेस्टर युनायटेडने २०२४ साली ऐन हंगामात उरलेल्या सामन्यांची सभासदांची तिकिटं सरसकट ६६ पौंड केली. मुलांना सवलत नाही, वृद्धांना नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या आजोबांनी वयाच्या सातव्या वर्षापासून मॅच पाहिली. सात वर्षांच्या मुलाला ६६ पौंड मागितलेत, तर सत्तर वर्षं येणारा माणूस तुम्हाला मिळणार नाही.

आता सल्लागारांच्या प्रश्नाकडे येते. चाहते कुठे जाणार आहेत?

जातात. २००२ साली विम्बल्डनचा क्लब शंभर किलोमीटरच्या आसपास दूर मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा मागे राहिलेल्या लोकांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला. नवव्या श्रेणीपासून सुरुवात करून २०११ साली ते फुटबॉल लीगमध्ये पोहोचले आणि २०२० साली विम्बल्डनमधल्या प्लाऊ लेनवर, आपल्या जुन्या भागात, परत आले. २००५ साली मँचेस्टरमध्येही काहीजणांनी असाच आपला वेगळा क्लब काढला. ब्लॅकपूलचे लोक तर मालकांवर बहिष्कार टाकून वर्षानुवर्षं मैदानाबाहेर उभे राहिले. २०१७ साली न्यायालयाने मालक कुटुंबाने क्लबमधून पैसा बाहेर काढल्याचं नोंदवून ३ कोटी पौंडांहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांची सत्ता गेली आणि मार्चमधल्या घरच्या सामन्याला १५ हजारांहून अधिक लोक आले. शेफील्ड वेन्सडेवरचा मालकाचा ताबा गेला, तेव्हा क्लबच्या दुकानासमोर रांगा लागल्या. लिव्हरपूलमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हजारो लोक ७७व्या मिनिटाला उठून गेले आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लब सुपर लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांनी आपल्यापुरत्या काढलेल्या स्पर्धेत, निघाले होते. चाहत्यांचा विरोध पाहून त्यांना परत यायला दोन दिवस लागले.

आमचं प्रेम तुमच्या ताळेबंदात नावानिशी लिहिता येत नाही, पण तुम्ही मोजता त्या प्रत्येक रकमेच्या खाली तेच आहे. टीव्हीवाले भरलेल्या स्टँडचे पैसे देतात. शर्टावर नाव छापणारी कंपनी आमच्या छातीवरच्या जागेचे पैसे देते. हे तुम्हाला विकायचा अधिकार विकणाऱ्याला कधीच नव्हता.

धनिक आले आणि चांगलं झालं, असंही घडलं आहे. ते लपवणं अप्रामाणिक ठरेल. रेक्सहॅम १८६४ सालचा क्लब, चाहत्यांच्या संस्थेच्या मालकीचा. २०२० च्या शेवटी दोन अभिनेत्यांनी विचारणा केली तेव्हा सभासदांचं मतदान झालं आणि ९८.६ टक्के मतं त्यांच्या बाजूने पडली. त्यांनी मैदान, नाव, रंग यांबद्दल काय करणार आणि काय नाही ते आधी लिहून दिलं होतं. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं संघ वर चढला. पोर्ट्समथ दोनदा प्रशासकाकडे गेल्यावर चाहत्यांनी २०१३ साली तो उचलून धरला, कर्ज फेडलं आणि २०१७ साली मतदान घेऊन सुमारे ५७ लाख पौंडांना विकला. २०२४ साली तो दुसऱ्या श्रेणीत परतला. दोन्ही ठिकाणी आधी विचारलं गेलं, मग विकत घेतलं गेलं.

म्हणून आमच्या मागण्या. यातली कुठलीही अवघड नाही.

खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा एकही पौंड क्लबच्या नावावर येऊ नये आणि तिकिटांचं भावी उत्पन्न तारण ठेवू नये.

मैदान चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेकडे सोपवावं किंवा तिच्या संमतीशिवाय विकता, गहाण टाकता येणार नाही अशी अट मालमत्तेच्या कागदावरच नोंदवावी. चेल्सीत यासाठी चाहत्यांची कंपनी १९९३ साली निघाली. स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाची जमीन आणि क्लबचं नाव त्या कंपनीकडे आहे, आणि त्यामुळे २०२२ साली २५० कोटींची विक्री अडली नाही.

सही करण्यापूर्वी एका वर्षाचे सर्व पगार वेगळ्या खात्यात ठेवावेत. त्यात आधी मैदानावरच्या आणि कार्यालयातल्या माणसांचे, मग खेळाडूंचे.

नाव, रंग, चिन्ह, गाव बदलायचं असेल तर सीझन तिकीटधारकांचं मतदान घ्यावं. हे आश्वासन मुलाखतीत नको, क्लबच्या नियमावलीत हवं. २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने आणि नव्या स्वतंत्र नियामकाने यातलं काही आता बंधनकारक होतं आहे. पण आम्हाला ते नियामकाच्या धाकाने नको आहे.

संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडलेला एक माणूस असावा, मताच्या अधिकारासह. मालकाच्या दुसऱ्या कंपन्यांशी होणारा प्रत्येक व्यवहार त्याला आधी दाखवावा. ताळेबंद मुदतीत सादर करावा.

आणि शेवटची, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक दिवस तुमचा पैसा किंवा उत्साह संपेल. तो संपणं गुन्हा नाही. तेव्हा सहा महिने आधी सांगा आणि घातलेले सगळे पैसे वसूल होईपर्यंत क्लब अडवून धरू नका. बाजारात जी किंमत येईल ती घ्या. आम्ही ज्या हिवाळ्यात बादल्या घेऊन उभे होतो, त्या हिवाळ्यात क्लबला खरेदीदार होता. मालकाला आणखी थोडे हवे होते.

आमच्या क्लबसाठी प्रस्ताव देण्याची मुदत या महिनाअखेर आहे. या सहा मागण्यांना लेखी उत्तर त्याआधी चाहत्यांच्या संस्थेकडे द्यावं. ते आम्ही जसंच्या तसं सर्वांना वाचायला ठेवू, नकार असला तरी. आणि दुसऱ्या बाजूच्या सल्लागारांना सांगते, पुढच्या बैठकीला मी त्याच रांगेत बसलेली असेन. त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

आपली,
उत्तर स्टँडमधली एक सीझन तिकीटधारक